सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून हक्क सोडू नका

प्रश्न : नवले पुलाजवळ मागून आलेल्या गाडीने आमच्या कारला जोरात धडक दिली. माझं डोकं काचेवर आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून त्याच रात्री घरी सोडलं. आज अडीच महिने झाले, तरी डोकं ठणकतं, आकडे लक्षात राहत नाहीत. मी सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. तीन आठवडे बिनपगारी रजा घ्यावी लागली. पोलिसांनी एफआयआर घेतलेला नाही. समोरचा माणूस २५,००० रुपये देऊन ‘काही तक्रार नाही’ असं लिहून मागतोय. घरचे म्हणतात, मिटवून टाक. काय करू?
– एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. दुखणं अजून सुरू आहे; ते किती लांबेल हे कळायच्या आत त्याची किंमत ठरवायची कशी?

मेंदूला हादरा बसला तरी सीटी स्कॅन बऱ्याचदा नॉर्मलच येतो. त्यात रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं. विसरभोळेपणा, चक्कर, चिडचिड, उजेडाचा त्रास दिसत नाही. विमा कंपनीचे वकील मात्र नेमका तोच रिपोर्ट पुढे करतील. म्हणून याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जा, सगळी लक्षणं सांगा आणि ती केसपेपरवर अपघाताच्या तारखेसह लिहून घ्या. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या चाचण्या होतात का, तेही विचारा. मेडिकलची बिलं, रिक्षाच्या पावत्या, पगारपत्रकं जपून ठेवा. कामात झालेल्या चुकांबद्दल ऑफिसकडून पत्र मिळालं तर फारच चांगलं. भरपाई ठरताना नुसतं अपंगत्वाचं टक्केवारीचं प्रमाणपत्र पाहत नाहीत. त्या दुखापतीने तुमच्या कमाईवर काय परिणाम झाला, हे पाहतात. ज्यांचं पोटच आकड्यांवर चालतं, त्यांच्यासाठी हा मुद्दा फार मोठा आहे.

तुमची तीन आठवड्यांची रजाही कामाला येते. दुखापतीमुळे १५ दिवस नेहमीचं कामकाज करता आलं नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ती ‘गंभीर दुखापत’ ठरते. मात्र डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्याची चिठ्ठी हवी.

एफआयआरसाठी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात घेतली नाही तर पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा. उशीर झाला म्हणून घाबरू नका. निव्वळ एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितलं आहे. उशिराचं कारण मात्र तक्रारीत स्पष्ट लिहा.

खरी घाई आहे ती दाव्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे तुमच्याकडे साडेतीन महिने उरलेत. तुम्ही पुण्यातच राहता, त्यामुळे शिवाजीनगरच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करता येईल. त्यात चालक, गाडीमालक आणि त्यांची विमा कंपनी अशा तिघांनाही सामील करा. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई सहसा विमा कंपनीच भरते, हे घरच्यांनाही सांगा. एखाद्याला लुबाडल्याचं ओझं मनावर घेऊ नका.

त्या गाडीचा नंबर आणि विमा पॉलिसीची माहिती आजच मिळवा. पुलाजवळच्या दुकानांकडे सीसीटीव्हीचं चित्रीकरण अजून असेल, तर ते जपून ठेवण्याची लेखी विनंतीही लगेच करा; जुनं चित्रीकरण पुसलं जातं.