मागणीचा अंदाज आणि संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्याकडे 3 वर्षांच्या मासिक विक्रीची नोंद आहे. संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरल्याने पुढील मागणीचा अंदाज सुधारेल का?

उत्तर : सुधारू शकेल; मात्र आधी नोंदी तपासाव्यात. ज्या महिन्यात माल संपला होता, त्या महिन्याची विक्री म्हणजे खरी मागणी नव्हे, आणि तो आकडा तसाच भरला तर सॉफ्टवेअर त्यालाच मागणी मानून पुढचा अंदाजही खाली ओढते. ही दुरुस्ती मला सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा महत्त्वाची वाटते. त्यानंतर 'आर' (R) ही मोफत संख्याशास्त्रीय प्रणालीही पुरेशी आहे. कल (सातत्याने वाढ किंवा घट) आणि हंगाम दोन्ही दिसणाऱ्या मालासाठी होल्ट-विंटर्स पद्धत, म्हणजे अलीकडच्या आकड्यांना अधिक वजन देऊन हे दोन्ही वेगवेगळे मोजणारी पद्धत, वापरावी. क्वचितच खपणाऱ्या मालासाठी क्रॉस्टन यांनी 1972 साली मांडलेली पद्धत योग्य ठरते; ती मागणीचे प्रमाण आणि दोन मागण्यांमधील अंतर यांचा वेगवेगळा अंदाज काढते.

शेवटचे 6 महिने बाजूला ठेवून उरलेल्या 30 महिन्यांवरून त्यांचा अंदाज काढावा, आणि 'गेल्या वर्षी याच महिन्यात झाली तितकीच विक्री' या साध्या अंदाजापेक्षा तो प्रत्यक्ष आकड्यांच्या अधिक जवळ जातो का, हे पाहावे. जात नसेल तर ती पद्धत स्वीकारू नये. एकाच आकड्यावर न थांबता अंदाजाची खालची व वरची मर्यादाही काढावी, कारण सुरक्षित साठा (मागणी अचानक वाढल्यास माल संपू नये म्हणून ठेवलेला जादा माल) किती ठेवायचा हे तिच्यावरूनच ठरते.