मित्राच्या वडिलांना ब्रेन कॅन्सर निघालाय, घरी शेती आहे. भेटायला जाऊन काय बोलावं? आधार कसा द्यावा?

पहिले पंधरा दिवस जाऊच नका. राग आला तरी चालेल.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. माझ्या मोठ्या भावाला ग्लायोब्लास्टोमा निघाला, मेंदूच्या कॅन्सरचा जहाल प्रकार, ग्रेड ४ म्हणजे सगळ्यात वरची. सुरुवात शब्दांपासून झाली. सोयाबीनच्या सोंगणीत दादा धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, "ते आण ना... ते, कापाचं." विळा हा शब्दच त्याला सापडेना. आम्ही हसलो. आठ दिवसांनी त्याच धुऱ्यावर त्याला फिटचा झटका आला. एकानं चप्पल हुंगवली, दुसऱ्यानं दातात चमचा घातला. समोरचा दात अर्धा तुटला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. तेव्हा हे आधी सांगतो: झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि ५ मिनिटांत थांबला नाही तर सरळ गाडीत घाला.

यवतमाळला एमआरआय झाला, नागपूरला ऑपरेशन. टाके काढून घरी आणलं आणि चौकशीला रीघ लागली. एसटीनं, मोटरसायकलनं, दोघं तर ट्रॅक्टरवर. वहिनी चुलीपासून हटेना. दादाची बोली अडकली होती, पण समजत सगळं होतं. त्याच्या खाटेवर बसून एक नातेवाईक म्हणाले, "आमच्या गावातल्या एकाले असाच होता, तीन महिन्यांत गेला." मग माझ्याकडे वळून, "याले आता काई समजत नसन ना?" दादा गोधडीच्या काठाचा दोरा उसवत होता. तो थांबला. ते गेल्यावर पुन्हा उसवायला लागला.

मेंदूची सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू होतं. त्यानं रात्री दोन वाजता भूक लागते, झोप उडते, चिडचिड होते, साखर वाढते आणि तोंड सुजतं. लोक बघून म्हणायचे, "तब्येत सुधरली बा, गाल भरले." वहिनी मान डोलवायची. डॉक्टरांनी आम्हाला गाल कशाचे ते सांगितलं होतं.

आता खरी मदत कोणी केली ते सांगतो. आमच्याकडे वेचाईला येणारी एक बाई आहे, पन्नाशीची. ती कधी खाटेजवळ आली नाही. ओट्याशी उभी राहून म्हणाली, "कापूस फुटून राह्यला भाऊ, बाया घेऊन जाऊ का उद्या?" पैसे आत्ता नाहीत म्हटलं तर, "पैशाचं मंग पाहू." आम्ही नागपूरला खोली घेऊन होतो, आठवड्याला ५ असे ३० शेक, म्हणजे रेडिएशन, ६ आठवडे. शनिवारी मी गावी आलो की दाराच्या फटीत वहीचं पान खोचलेलं असायचं, तिच्या पोरीच्या अक्षरात: सोमवार ६२ किलो, मंगळवार ४८, बुधवार पाणी आलं. मजुरी तिनं संक्रांतीनंतर नेली. माझ्या सख्ख्या नात्यात एवढा हिशेब कोणी ठेवला नाही.

दुसरी मदत कागदांची. आधारवर आणि रेशनकार्डावर दादाच्या नावात एका अक्षराचा फरक होता, त्यावर सरकारी उपचार योजनेचं काम अडलं. गावातल्या एका मास्तरांनी तहसीलला तीन चकरा मारल्या. आमच्या वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दीड लाखाची मर्यादा होती, आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल असतो, मित्राला आधी तिथं पाठवा.

आणि उपचार कुठं करायचा यात तोंड घालू नका. आमचे जवाईबुवा पुण्याला असतात. पहिल्या दिवसापासून एकच धोशा, "मुंबईला न्यायला हवं होतं." अहो, नेलं होतं! दादाला नाही, त्याच्या गाठीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि एमआरआयची सीडी घेऊन मी धामणगावहून गाडी पकडली. तिथल्या डॉक्टरांनी फाइल बघून सांगितलं, उपचार हाच, शेक घराजवळ घ्या. ऑपरेशन, ६० ग्रे शेक (ग्रे हे किरणांचं माप), त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध, मग २८ दिवसांत ५ दिवस तेच औषध: २००५ पासून जगभर साधारण हीच पद्धत आहे. मुंबईचं मशीन काही वेगळी किरणं सोडत नाही. शिवाय ६ आठवडे परळच्या फुटपाथवर वहिनीला कोण सांभाळणार होतं? जवाईबुवा? दादा १४ महिने जगला, त्यातले नागपूरचे आठवडे आणि शेवटचे तीन महिने सोडले तर घरी, आपल्या खाटेवर, दारातल्या बैलांसमोर. पूर्ण उपचार घेऊनही या आजारात निम्मे लोक सव्वा वर्षाच्या आसपासच जातात. हे मी त्यांना तेराव्याला सांगितलं, तर म्हणाले, "तरी पण."

खरं सांगायचं तर जवाईबुवांनी चाळीस हजार दिले होते आणि परत मागितले नाहीत, हेही लिहायला हवं. दुसरं मत घेणंही वाईट नाही, उपचार सुरू व्हायच्या आधी घ्या. आणि डोक्यातली प्रत्येक गाठ आमच्यासारखी नसते. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा साधा असतो, कॅन्सर नसतो. तुमच्या मित्राकडून आधी गाठीचं नाव आणि ग्रेड कळू द्या, माझं वाचून घाबरू नका. डेक्सामेथासोन मनानं अचानक बंद करू नये, हे राहिलंच होतं.

काय बोलावं ते मात्र मला अजून माहीत नाही. तूर उभी असेल तर सोंगायला कोण आहे तेवढं विचारा.

मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी मागल्या दिवाळीत जवाईबुवांच्या ताटाशेजारी ठेवला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ताईकडे चहा मागितला. फाइल कपाटावरच आहे. या दिवाळीलाही येताहेत ते.