मावशीचा पडदा, माझी गोळी

प्रश्न : माझ्या सख्ख्या मावशीने संधिवातासाठी तीन वर्षे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेतले आणि तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. वाचताना तिला मधली अक्षरे दिसत नाहीत. आता ल्यूपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) मला तेच औषध सुरू झाले आहे, २०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. वय ३८, वजन ५२ किलो. हे घराण्यात उतरते का? जीन टेस्ट करून घेऊ, की गोळीच बंद करू?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तुमच्या पत्रात जीनपेक्षा आधी खटकतो तो डोस. ४०० भागिले ५२ म्हणजे किलोमागे ७.७ मि.ग्रॅ. मर्यादा आहे रोज किलोमागे ५, तीही प्रत्यक्ष वजनावर. तुमच्यासाठी ती रोजची २६०, आठवड्याची १८२० मि.ग्रॅ. होते. पाच दिवस एक गोळी आणि दोन दिवस दोन गोळ्या घेतल्या तर आठवड्याला १८०० होतात. एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दोन अशा घेतल्या तर रोजची सरासरी ३०० पडते, म्हणजे पुन्हा जास्तच. हा हिशेब घेऊन याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. बदल त्यांनीच करायचा. गोळी परस्पर बंद केली तर ल्यूपस उसळू शकतो. (वजन सकाळी अनशापोटी करा, पोहे-जिलेबीनंतरचे नको.)

डोस मर्यादेत असेल तर पहिल्या पाच वर्षांत पडद्याला इजा होण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी असते. वीस वर्षांनंतर मात्र ती २० टक्क्यांच्या घरात जाते. औषध काही अंशी मूत्रपिंडातून बाहेर पडते. म्हणून क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) तपासून घ्या, ल्यूपसमध्ये तर नक्कीच. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचे औषध) सोबत चालू असेल तरी धोका वाढतो.

आता जीन. हे औषध पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थराला चिकटून राहते. ‘एबीसीए४’ या जीनवर संशय आला, कारण प्रकाशपेशींतला व्हिटॅमिन एचा कचरा उपसणारे प्रथिन तो बनवतो. २००१ साली मोजक्या रुग्णांच्या तपासणीत काहींमध्ये त्यात बदल सापडले. २०१५ च्या अभ्यासात मात्र त्याच जीनमधले काही सामान्य बदल उलट संरक्षक वाटले. यकृतातली सीवायपी एंझाइम्सही माणसागणिक वेगळी असतात, त्यामुळे सारख्या डोसवरही रक्तातली पातळी वेगवेगळी येते. पण यातल्या कुठल्याही रिपोर्टवरून तुमचा डोस ठरवता येत नाही. तो खर्च सध्या नको.

पैसे ओसीटी (पडद्याच्या थरांचे स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या कुठल्या भागात दिसत नाही ते पाहणारी तपासणी) यांवर घाला. पहिली डोळेतपासणी औषध सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत करा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. डोस जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पाच वर्षे थांबू नका. फील्ड टेस्टमध्ये फक्त मधला भाग पाहणारी १०-२ पुरेशी नाही, अधिक रुंद भाग पाहणारी २४-२ देखील मागा. आशियाई वंशाच्या लोकांत इजा पुष्कळदा केंद्रापासून दूर सुरू होते. एका अमेरिकी पाहणीत इजा झालेल्या आशियाई रुग्णांपैकी निम्म्यांत ती तशी होती, गोऱ्यांत २ टक्क्यांत. फील्ड टेस्ट बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधी, जवळच्या चष्म्याचा नंबर लावून करावी. दमलेल्या माणसाची टेस्ट हमखास वाईट येते, तेव्हा एका रिपोर्टने घाबरू नका, पुन्हा करा. थेंब टाकले की परत येताना स्कूटर दुसऱ्याने चालवावी.

मावशींचे काय? तीन वर्षांत इतकी इजा होणे हे अवेळी आहे. त्यांचा डोस, तेव्हाचे वजन आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट काढून पाहा. तिथे काही खोट नसेल, तर दोष गोळीचा नसून स्टारगार्ट या, एबीसीए४ जीनच्याच बिघाडातून होणाऱ्या, आनुवंशिक विकाराचा असू शकतो. मॅक्युलाभोवतीचे (पडद्याच्या मधल्या भागाभोवतीचे) चकतीसारखे वर्तुळ दोन्हींत सारखे दिसते. जीन टेस्टला अर्थ आहे तो इथे, आणि ती मावशींची. हा आजार व्हायला साधारणपणे आई-वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते, म्हणून भाचीला तो होण्याची शक्यता फार कमी. तरी मावशींचे निदान तुमच्या नेत्रतज्ज्ञांना सांगून ठेवा, कारण मॅक्युलाचा आधीचा आजार असला तर पुढच्या तपासण्या वाचणे अवघड होते. आणि मावशींचा स्टारगार्ट ठरलाच, तर ‘डोळ्यांसाठी चांगल्या’ म्हणून कुणी दिलेल्या व्हिटॅमिन एच्या गोळ्या त्यांनी घेऊ नयेत. त्या विकारात तोच कचरा वाढतो.