नाशिकमध्ये होणाऱ्या ‘वेल्थ क्रिएशन’ सेमिनारला पैसे भरून जावं का?

तुम्ही लिहिलंय की अंबडला नोकरी आहे, हातात 31,000 येतात, दिवाळीनंतर लग्न आहे आणि खात्यातला मित्र दोन दिवसांच्या सेमिनारला चल म्हणून मागे लागलाय. फी 3,999, आजच भरली तर 1,499. जावं का, असं विचारलंयत.

नका जाऊ. पैसे भरून तर नकाच.

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघते. पगारपत्रक, पीएफ, जीएसटी हे माझं रोजचं काम. तरी 2018 साली अशाच एका सेमिनारमध्ये मी 36,000 रुपये घालवले, तेव्हा माझा पगार 22,000 होता. तुम्हाला वाटत असेल की आपण नुसतं ऐकून येऊ, सही करणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तिथे काय होतं ते सविस्तर सांगते.

मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात रविवारी सकाळी नऊला बोलावलं होतं. पहिला दिवस फुकट. दारात नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतला, गळ्यात नावाची पट्टी अडकवली, फोन बंद करून पर्समध्ये ठेवायला सांगितला. आत मोठमोठ्याने गाणी, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत. मला वाटलं आता शेअर, फंड असं काही सुरू होईल. पहिला दीड तास पैशाचं नावही निघालं नाही. दिवे मंद केले आणि म्हणाले, डोळे मिटा, वडिलांचा चेहरा डोळ्यासमोर आणा, त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत ते आठवा. माझे वडील नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये होते, तीस वर्षं. त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मी रडले. शेजारची बाई रडली, पुढच्या रांगेतला माझ्या मुलाएवढा पोरगा हुंदके देत होता. मग चहा झाला.

चहानंतर वक्ता जे जे बोलला ते आपल्याला पटत गेलं, कारण तोवर तो परका राहिला नव्हता. दर पाच मिनिटांनी हात वर करायला लावायचे. कोणाला कर्ज नकोय? कोणाला मुलांना चांगलं शिकवायचंय? कोण आज निर्णय घेणार? दहा वेळा हात वर गेला की अकराव्यांदा तो खाली ठेवणं फार अवघड जातं. चार वाजता ‘ऑफर’ आली: पुढच्या दोन दिवसांच्या कोर्सची फी 75,000, आजच्या आज पहिल्या वीस जणांना 36,000. मागे टेबल मांडलेलं, कार्डाचं मशीन तयार. चारपाच जण धावतच गेले, त्यांच्यामागे मी. पंधरा दिवसांनी त्या कोर्सला गेले तेव्हा त्यांनी 1,25,000 ची ‘मेंटॉरशिप’ विकायला काढली, आणि पहिल्या दिवशी धावलेल्यांपैकी दोघे पुन्हा तसेच धावले. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

नवऱ्याला मी तीन महिने सांगितलं नव्हतं. कार्डाचा हप्ता मात्र बारा महिने भरला. पैसे परत मागितल्यावर पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं: सगळे ‘टास्क’ पूर्ण केले असतील तरच परतावा.

शिकवलं काय, तर चक्रवाढ व्याज. पडद्यावर एक तक्ता होता: महिन्याला 5,000 भरा, 12 टक्क्यांनी वीस वर्षांत जवळजवळ 50 लाख होतात. आकडा खरा आहे, घरी येऊन मी स्वतः करून पाहिला, 49.95 लाख येतात. पण तोच हिशेब 10 टक्क्यांनी केला तर 38 लाखच येतात, आणि दरवर्षी ठरलेले 12 टक्के देईन असं कोणताही शेअरचा फंड लिहून देत नाही. शिवाय महागाई 6 टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या 50 लाखांना आजच्या साडेपंधरा लाखांइतकीच वस्तू येईल. एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम फंडात भरणं, वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझीही चालू आहे. पण तक्त्याची ही दुसरी बाजू दाखवली असती तर मागचं टेबल रिकामं राहिलं असतं. त्या सभागृहात विकायची वस्तू म्हणजे पुढचा कोर्स, फंड किंवा शेअर तिथे नावापुरते असतात.

दुपारी ट्रेडिंग आलं. ‘रोज फक्त एक टक्का कमवा.’ ऐकायला किती साधं वाटतं! वर्षात बाजार साधारण 250 दिवस चालतो. रोज एक टक्का चढत्या क्रमाने मिळाला तर एका लाखाचे वर्षाअखेर 12 लाख होतात, दुसऱ्या वर्षी 1 कोटी 44 लाख, तिसऱ्या वर्षी 17 कोटींच्या वर. हा गुणाकार मी त्या दिवशी हॉलमध्ये बसून केला असता तर माझे 36,000 वाचले असते. फोन बंद होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

माझ्या दिरांचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं झालं. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये माल गेला की व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसा हातात येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावाकडच्या मंगल कार्यालयांतून हे कार्यक्रम लागतात. ते ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे सौदे, शिकून आले. एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यायच्या आत चार लाख गेले. त्या छाटणीची मजुरी आणि औषधं सोसायटीच्या कर्जावर झाली. ते अजून म्हणतात, शिकण्यात मीच कमी पडलो. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेला अभ्यास बघा: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या पुढे होता. इतकी माणसं अभ्यासात कच्ची होती का?

सगळेच कार्यक्रम असे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. म्युच्युअल फंड कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे मालमत्तेचा एक लहानसा हिस्सा, वर्षाला 0.02 टक्के, गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी बाजूला काढावा लागतो. त्यातून फुकट कार्यक्रम होतात. आमच्या कारखान्यात एकदा झाला होता. दीड तास, ना गाणी, ना रडारड. महागाई, जोखीम, नॉमिनी आणि तक्रार कुठे करायची एवढंच सांगितलं, आणि शेवटी कोणी काही विकलं नाही. कंटाळवाणा होता, पण खरा होता. सेबी आणि तिची प्रशिक्षण संस्था एनआयएसएम यांची गुंतवणूकदारांसाठीची ऑनलाइन परीक्षाही फुकट आहे, अभ्यासाचं साहित्यही फुकट मिळतं. आपल्या गावाला फुकट ऐकून शहाणं होण्याची सवय जुनी आहे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा म्हणजे कळेल. ज्ञान द्यायला कार्डाचं मशीन लागत नाही.

मित्रापुढे अगदीच नाही म्हणवत नसेल तर त्याला एक गोष्ट विचारायला सांगा: शिकवणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक काय? सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा INH ने, आणि दोन्ही सेबीच्या साइटवर तपासता येतात. ‘आम्ही फक्त शिकवतो, नोंदणी लागत नाही’ असं उत्तर आलं तर लक्षात ठेवा, जानेवारी 2025 मध्ये सेबीने नुसतं शिकवणाऱ्याला शेअरचे मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली. तो चालू भाव दाखवून हा घ्या, तो घ्या म्हणत असेल तर तिथून उठा. जाताना कार्ड घरी ठेवा. आणि पैसे भरून झाले असतील, परत देत नसतील, तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. मला हा नंबर तेव्हा माहीत नव्हता.

आता तुमच्या 31,000 बद्दल, कारण तुम्हाला सांगायची खरी गोष्ट इथेच आहे. पगाराची पावती काढून समोर ठेवा. पीएफ कापला जातोय ना? मग त्यासोबत तुमचा ईडीएलआयचा विमाही आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळतात, आणि त्याचे पैसे कंपनी भरते, तुमच्या पगारातून काही जात नाही. आमच्याकडे एक वेल्डर अपघातात गेला. त्याच्या बायकोला या विम्याचा पत्ताच नव्हता. मी तिच्याबरोबर बसून फॉर्म 5 आयएफ भरला. नॉमिनेशन लग्नाआधीचं होतं, त्यामुळे कागद गोळा करण्यात चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत ती दोन लेकरांना घेऊन दर आठवड्याला माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची. तुमचं लग्न झालं की पहिल्या महिन्यात पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरा. हे मला कुठल्याही सेमिनारमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा 21,000 आहे, म्हणजे तुम्ही त्यात नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का ते एचआरला विचारा, नसेल तर दोघांचा आरोग्य विमा आधी घ्या. मग तीन-चार महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पडेपर्यंत दुसरं काही करू नका. त्यानंतर 2,000 ची एसआयपी चालेल, पीपीएफ चालेल. यात कोणाला टाळ्या वाजवाव्याशा वाटणार नाहीत.

सेमिनारच्या रविवारी मित्राला घरी बोलवा, त्यालाही त्याची पावती आणायला सांगा. दोघांचे यूएएन, म्हणजे पीएफचे नंबर टाकून पीएफचं पासबुक उघडा आणि नॉमिनीच्या जागी कोणाचं नाव आहे ते आधी बघा. कुठे अडलात तर इथेच विचारा. पीएफचे फॉर्म मी रोज भरते.