सगळ्याच 'नन' कशा?

सतराव्या शतकातल्या फ्रेंच कॅथलिक मठांवरचा लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: यातल्या सगळ्या स्त्रियांना 'नन' म्हणावं, की 'साध्वी', 'जोगीण' चालेल?

जोगीण नकोच. ती दारोदार जोगवा मागत फिरणारी. जैन साध्वीसुद्धा चातुर्मास सोडला तर एका जागी राहत नाही. इथे सगळा भर न फिरण्यावर आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये व्रतस्थ स्त्रियांनी मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा जुना नियम पुन्हा कडक केला. पॅरिसजवळच्या पोर-रॉयाल मठाची प्रमुख आंजेलिक आर्नो अकरा वर्षांची व्हायच्या आतच त्या पदावर बसली होती, तीही घरच्यांच्या खटपटीने. अठराव्या वर्षी, २५ सप्टेंबर १६०९ ला, तिने भेटीला आलेल्या सख्ख्या बापाला आत घेतलं नाही. बोलणं काय ते जाळीआडून. बाप संतापला, ती बेशुद्ध पडली, पण दार उघडलं नाही. अशा बाईला 'नन' खुशाल म्हणा.

अडचण पुढे आहे. मठात दोन पायऱ्या असत. हुंडा घेऊन आलेली, लॅटिन प्रार्थना गाणारी ती गायनवृंदातली नन. स्वयंपाक, धुणं, बाग बघणारी ती 'सर कॉन्व्हर्स' (फ्रेंचमध्ये 'सर' म्हणजे बहीण). व्रत तिलाही असे, मान मात्र कमी. तिला 'मोलकरीण' करू नका. 'श्रमभगिनी' म्हणता येईल. हुंडा देवाच्या दारातही सुटला नव्हता, हे मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको!

तिसरी 'तूरिएर'. भिंतीत एक फिरतं कपाट असे. बाहेरून वस्तू ठेवायची, फिरवायचं, आतल्या बाईने उचलायची, कुणी कुणाला दिसत नाही. त्या कपाटाच्या बाहेरच्या बाजूची, बाजारहाट आणि निरोप सांभाळणारी ही बाई. मी 'दारावरची भगिनी' लिहीन. काँपिएन्यच्या मठातल्या ज्या सोळा जणींना फ्रेंच राज्यक्रांतीत, १७ जुलै १७९४ ला, गिलोटिनवर चढवलं, त्यांत अकरा गायनवृंदातल्या, तीन श्रमभगिनी आणि दोन दारावरच्या होत्या. सरसकट 'सोळा नन' लिहिलंत तर शेवटच्या दोघी दिसतच नाहीत.

धर्मगुरू व्हँसाँ द पोल आणि लुईझ द मारियाक यांनी १६३३ मध्ये सुरू केलेल्या सेवासंघाच्या बायकांना मात्र 'नन' अजिबात म्हणू नका. नन ठरल्या असत्या तर मठात कोंडल्या गेल्या असत्या आणि रुग्णांच्या घरी जाणं बंद झालं असतं. म्हणून 'तुम्ही नन आहात का, असं बिशपने विचारलं तर नाही म्हणा,' अशी व्हँसाँची शिकवणच होती. त्यांना 'सेवाभगिनी' म्हणावं. सगळ्यांना मिळून एकच शब्द हवा असेल तर आपल्याकडच्या ख्रिस्ती मराठीतला 'धर्मभगिनी' आहेच.

आणि मठाला 'कॉन्व्हेंट' म्हणणं टाळाच. मराठी वाचकाला लगेच इंग्रजी शाळा आणि टाय दिसतो.