नुसत्या डीएनए क्रमावरून नवी प्रजाती जाहीर करावी का?

तळ्याच्या पाण्यातून मिळालेला १८एस जनुकाचा (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका घटकाचे, सजीव ओळखण्यासाठी वापरले जाणारे जनुक) क्रम कोणत्याही ज्ञात एकपेशीय सजीवाशी जुळत नसेल, तर तेवढ्या बळावर नवी प्रजाती जाहीर करावी का, असे आपण विचारले आहे. करू नये. तारा ओशन्स या सागरी संशोधन मोहिमेने २०१५ मध्ये समुद्रातील दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सजीवांचे, सुमारे १,५०,००० जनुकीय गट असल्याचा अंदाज काढला आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश कोणत्याच ज्ञात गटात बसले नाहीत. म्हणून कोणी त्या सगळ्यांचे बारसे उरकले नाही.

याच मुद्द्यावरून माझे एका सहकाऱ्याशी बराच काळ वाजले होते. आम्हाला गाळात एक भक्षक कशाभिकाधारी, म्हणजे चाबकासारख्या शेपटीने (कशाभिकेने) पोहणारा एकपेशीय सजीव, सापडला होता. नुसत्या जिवाणूंवर तो जगत नसे. त्याला बोडोसारखे लहान कशाभिकाधारी जिवंत पुरवावे लागत, आणि ते संपले की त्याची उपासमार सुरू होई, त्यामुळे भक्ष्याचे वेगळे संवर्धन राखून त्यात याचे थेंब हलवण्याचे काम सुट्टीच्या दिवशीही चुकत नसे. सहकाऱ्याचे म्हणणे असे की सबंध बशीचा डीएनए काढावा, वंशवृक्षावर स्वतंत्र फांदी दिसली की शोधनिबंध पाठवून मोकळे व्हावे. परंतु बशीत भक्ष्याच्याच पेशी बहुसंख्य असताना तो क्रम नेमका कोणाचा, हे कोणी सांगायचे? मी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ओढलेल्या काचनळीने एकेक भक्षक पेशी उचलली, तिचे छायाचित्र घेतले, निर्जंतुक माध्यमाच्या थेंबांतून ती धुतली आणि मग तिचाच क्रम काढला. मागची कशाभिका पोटाकडच्या खाचेतून जाते, हे त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसले. यास तो वेळकाढूपणा म्हणत असे.

नियमही माझ्याच बाजूने आहेत. प्राणिनामकरण संहितेला प्ररूप म्हणून, म्हणजे प्रजातीचे नाव ज्याला जोडले जाते तो आधार म्हणून, सजीवाचा नमुना लागतो, क्रम चालत नाही. आदिजीवांसाठी, म्हणजे अशा एकपेशीयांसाठी, अनेक पेशींची काचपट्टीही चालते. शिवाय १८एस जनुक इतके सावकाश बदलते की दोन निराळ्या प्रजातींत ते तंतोतंत सारखेही असू शकते.

अर्थात आपला सजीव शैवालांपैकी असेल तर संहिता वेगळी, आणि जतन करणे अवघड असल्यास तेथे चित्रही प्ररूप म्हणून चालते. हेमिमास्टिगोफोरा या कशाभिकाधारींच्या गटाचे वर्णन १९८८ मध्ये झाले, तरी त्याचे नाते २०१८ मध्ये जनुकीय माहिती मिळेपर्यंत उलगडले नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. सहकाऱ्याचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा. मात्र आधीची वर्णने आणि रेखाटने हाताशी नसती, तर २०१८ मध्ये समोर पोहणारी ती पेशी हेमिमास्टिगोफोरातील आहे हे कोणी आणि कशावरून ओळखले असते, याचे उत्तर त्याने मला अद्याप दिलेले नाही.