आधी मधलं लिहू द्या, सुरुवात तिथेच सापडते

तुमचा प्रश्न असा की मुलगी पाचवीत आहे, प्रत्येक निबंध 'माझा आवडता अमुक' ने सुरू करते, 'म्हणून मला तो खूप आवडतो' ने संपवते, शीर्षक बाईंनी फळ्यावर दिलेलं तेच, मग चांगली सुरुवात, शेवट आणि शीर्षक कसं शिकवायचं. मी ऐरोलीत शनिवार-रविवारी चौथी ते सातवीच्या मुलांना मराठी लेखन शिकवते, त्यामुळे असे निबंध सारखे समोर येतात.

माझं मत विचाराल तर सुरुवात आधी शिकवूच नका. कोरा कागद समोर ठेवून 'छान आकर्षक सुरुवात कर' म्हटलं की मूल एकतर सुविचार लिहितं नाहीतर बडबडगीताची ओळ, कारण आपण काय सांगणार आहोत हे त्याचं त्यालाच अजून माहीत नसतं. आधी मधलं लिहू द्या, वेडंवाकडं, शुद्धलेखन न बघता. मग दोघी मिळून वाचा आणि शोधा, अख्ख्या पानात फक्त हिलाच सुचलं असतं असं वाक्य कुठलं? बहुतेक वेळा ते पाचव्या-सहाव्या ओळीत दडलेलं असतं. ते उचलून वर आणायचं आणि त्याच्या आधीचं सरळ काटायचं.

एक उदाहरण देते. आमच्या ठाणे खाडीत थंडीत फ्लेमिंगो येतात, मुलं बघून येतात आणि निबंध लिहितात. एकाचा निबंध होता, 'फ्लेमिंगो हा सुंदर पक्षी आहे. त्याचा रंग गुलाबी असतो. त्याचे पाय लांब असतात.' आणि बरंच खाली, 'काही करडे होते, बाबा म्हणाले ते अजून लहान आहेत.' मी म्हटलं हे वर घे. सुरुवात झाली, 'सगळे फ्लेमिंगो गुलाबी नसतात.' आता ऐकणारा विचारणारच की मग कसे असतात, आणि उत्तर त्याच्याकडे होतंच, पिल्लू करडं असतं, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन त्यातल्या रंगद्रव्यामुळे हळूहळू गुलाबी होतं. घरी करून बघा, फक्त पहिलं वाक्य आजीला वाचून दाखवायला सांगा, आजी 'म्हणजे गं?' म्हणाली की सुरुवात जमली.

शेवटाला मुलांना उपदेश करायची फार घाई असते. 'अशा प्रकारे आपण पक्ष्यांचे रक्षण केले पाहिजे.' हे वाक्य बोटाने झाका आणि त्याच्या आधीचं वाचा. त्या मुलाचं आधीचं वाक्य होतं, 'भरतीचं पाणी चढायला लागलं आणि सगळा थवा नेरूळच्या बाजूला उडाला.' झाला की शेवट! भरतीत चिखल पाण्याखाली जातो, खायला मिळत नाही, म्हणून ते पाणथळ जागांकडे सरकतात, म्हणजे गोष्ट खरंच तिथे संपते. पण झाकल्यावर मागे काहीच उरत नसेल तर शेवट सुधारून उपयोग नाही, मधलंच कमी पडलंय, अजून काय पाहिलंस ते विचारा.

शीर्षक सगळ्यात शेवटी. 'माझा आवडता पक्षी' हे पोपटालाही चालतं आणि चिमणीलाही, मग ते या निबंधाचं कसं? हा एकच प्रश्न मुलांना लगेच कळतो. चार-पाच शीर्षकं लिहायला लावा, पहिली दोन सहसा ऐकलेलीच निघतात, ती सोडा. त्याने शेवटी 'करडा फ्लेमिंगो' ठेवलं आणि मला ते मनापासून आवडलं. पेपरमधली बातमी मथळा झाकून वाचायला द्यायची आणि मथळा तिलाच द्यायला सांगायचं, हा सरावही चांगला होतो.

राहिला मार्कांचा प्रश्न. काही शिक्षकांना शेवटी संदेश लागतोच, तर एकदा शाळेत विचारून घ्या आणि लागत असेल तर परीक्षेत एक ओळ लिहू दे, भांडू नका. पुढे दहावीला मराठीत कथालेखन असतं, तिथे शीर्षक द्यावं लागतं, तेव्हा शीर्षकाची सवय आत्ताच लागली तर तिला उपयोगच होईल. घरच्या वहीत मात्र तात्पर्य मागू नका.